चामडं धुवायचं नसतं

माझ्या भावाला कुठलंही काम पुरतं करायची सवय नाही.

टाऊ त्याचं नाव. आमच्या भाषेत टाऊ म्हणजे सिंह. आईबापांनी काय बघून ठेवलं देव जाणे. हा सिंह कुंपण घालतो ते तीन बाजूंनी, चौथ्या बाजूनं गुरं निघून जातात. विहीर खणली, झाकण राहिलं. लग्न ठरवलं, पाहुण्यांना कळवायचं राहिलं.

आणि तोंडात कायम एकच. "झालं की, ताई."

या 'झालं की'पायी माझा दुसरा मुलगाही हातचा गेला असता.

पुढं जे लिहितेय ते घडलेलं आहे. मी शाळेत फार गेले नाही, धाकटी भावंडं कडेवर होती. त्यामुळे खोटं सजवून लिहिणं मला जमत नाही. ज्याला पटणार नाही त्यानं न्गामीच्या तळ्याजवळ टोटेंगला यावं. फाट्यावर कुणालाही मा-मोआगीचं घर विचारावं. मी दारातच बसलेली असते.

मोआगी माझा थोरला. थोरल्याच्या नावानं आईला हाक मारायची आमची पद्धत. तो गेला, पण माझं नाव तेच राहिलं.

दिवस आमच्या स्वातंत्र्यदिनाच्या सुटीतला शनिवार, सप्टेंबरअखेरचा. वेळ रात्रीची नव्हती. भुतं रात्री निघतात म्हणणाऱ्यांनी आमच्याकडचं दुपारचं ऊन पाहिलेलं नाही.

मोआगी पावसाळ्यात तापानं गेला. माणूस गेलं की त्याचे कपडे गाठोड्यात बांधून ठेवतात. त्याला कुणी हात लावायचा नाही. मग मामानं यायचं, गाठोडं सोडायचं, कपडे पाण्यानं धुवायचे आणि ज्याला द्यायचे त्याला आपल्या हातानं द्यायचे. तोवर ते कपडे मेलेल्याचेच.

मामा म्हणजे हा आमचा सिंह.

दफन झाल्यावर टाऊनं गाठोडं बांधलं. शर्ट, विजारी, टोपी, बूट, सगळं आत. शेवटी मोआगीचं चामड्याचं जाकीट हातात घेतलं आणि उलटसुलट बघत बसला.

"ताई, चामडं धुवायचं नसतं. पाणी लागलं की तडकतं. हे गाठोड्यात नको."

"मग कुठं?"

"इथंच राहू दे." त्यानं ते मोआगीच्या खोलीत खिळ्याला अडकवलं. "झालं की."

आणि गान्झीला निघून गेला. तिथं एका गुरांच्या फार्मवर तो मुकादम आहे. महिन्याभरात धुवायला येतो म्हणाला. मग वासरं आडवी आली. मग गोचीड. मग गोचिडीचं औषध. पाऊस गेला, थंडी गेली, टाऊ आला नाही.

जाकीट खिळ्यावर लटकत होतं. गाठोड्यातही नाही, वाटूनही दिलेलं नाही.

मोआगी रॉकवाला होता. काळं चामडं, काळी रुंद टोपी, टाचेला लोखंडी चकत्या लावलेले बूट, अंगभर साखळ्या. बघणाऱ्याला वाटतं दरोडेखोर निघाले. पण बाजारात म्हातारीची पिशवी उचलायला हेच पहिले धावतात. त्यांच्यात मोआगीचं नाव होतं काळा खूर.

गान्झीला जनावरांचा बाजार भरतो त्या मैदानावर वर्षातून एकदा त्यांचा गाण्यांचा कार्यक्रम असतो. उघड्यावर, फुकट, कुणीही या. कुठून कुठून गाड्या भरून येतात.

ते जाकीट त्यानं यंदाच्या कार्यक्रमासाठी केलं होतं. मौन शहरातून आणलेला जुना कोट उसवला. गुरांच्या दाव्यांच्या कड्या ठोकल्या. पाठीवर पांढऱ्या रंगानं बैलाची कवटी काढली. रोज संध्याकाळी गाईची चरबी आणि काळं पॉलिश एकत्र करून चोळत बसायचा. घरभर तो वास.

एकदाही घालून मिरवलं नाही पोरानं.

तर तो शनिवार.

सकाळी हेंगारीची पिकअप दारात आली. हा मोआगीचा दोस्त, हेरेरो जमातीचा पोरगा, ताडमाड उंच. शेजारी केसेगो. केसेगो माझी सून व्हायची होती. दोन्ही घरांत बोलणी होत आली होती. दोघंही चामड्यात.

आणि मोआगीच्या खोलीतून माझा धाकटा बाहेर आला... अंगात ते जाकीट.

ओलेबिले. हा रॉकवाला नव्हे. न्गामीच्या तळ्यावर मासे घेतो, सुकवतो, विकतो. मोठा आवाज झाला की कानावर हात ठेवतो. तान्ही मुलगी आहे त्याला, पोनात्शो. तिला खांद्यावरून खाली ठेवत नाही. तिची आई म्हणते, हिला पाय फुटणारच नाहीत.

"काढ ते," मी म्हटलं.

"आई, हेंगारी म्हणतो दादाच्या घरचं कुणीतरी हवं. आणि मी मामाला विचारलंय. फोन केला होता. मामा म्हणाला, चामडं आहे, गाठोड्यातलं नाही, घाल खुशाल."

"मामा आता फोनवरून कपडे धुतो काय?"

"धुवायचंच नसतं म्हणे ते."

हेंगारी मध्ये पडला. "मा-मोआगी, रागावू नका. संध्याकाळी गाणी ऐकतो, सकाळी तुमचा लेक तुमच्या दारात."

"तू आणणार? तुझ्या गाडीचं दार दोरीनं बांधलंय."

"दोरी नवी आहे, मा."

मी घरात गेले. उकडून कुटलेलं मांस डब्यात भरलं, शाल घेतली आणि पिकअपमध्ये पुढं खिडकीशी जाऊन बसले.

केसेगोनं डोळे मोठे केले. "मा, तुम्ही रॉक ऐकणार?"

"नवऱ्याचं घोरणं जन्मभर ऐकलं मी. तुमचं काय घेऊन बसलीस! चल, सरक."

हेंगारीनं गाडी हाकली. मध्ये केसेगो, खिडकीशी मी. ओलेबिले मागच्या उघड्या हौद्यात, गादी टाकून आडवा.

गान्झीचा रस्ता सरळ. इतका सरळ की डोळे मिटतात. दोन्हीकडे काटेरी झुडपं, मध्येच गाढवं. बोलायचं ते बोलून झालं. मग गाडीत नुसता इंजिनाचा आवाज.

आणि...

छन्न.

मी कान दिला.

छन्न... छन्न...

"हे काय वाजतंय?" मी विचारलं.

"जाकिटाच्या साखळ्या असतील," हेंगारी म्हणाला.

मी मागच्या काचेतून पाहिलं. ओलेबिले तोंडावर हात टाकून झोपला होता. हलत नव्हता. साखळ्या छातीवर गप्प पडल्या होत्या.

छन्न... छन्न... छन्न...

साखळीचा आवाज मला कळतो. हा साखळीचा नव्हता. टाचेच्या चकतीचा होता. पाऊल टेकलं की वाजते ती.

मागं कुणीतरी चालत होतं.

पिकअपचा हौदा केवढा? चार पावलांत संपतो. हा आवाज लांबच लांब चालला होता. थांबत नव्हता, वळत नव्हता. आमच्याबरोबर सरळ गान्झीकडे चालला होता.

मी काही बोलले नाही. म्हातारीला भास होतात म्हणायला लोक टपलेलेच असतात. पण केसेगोनं माझा हात धरला. तिनंही ऐकलं होतं.

पुढं एका झाडाखाली गाडी थांबवली. पाय मोकळे करायला ओलेबिले खाली उतरला आणि मला वास आला.

चरबीचा. पॉलिशचा.

खिळ्यावर लटकून ते जाकीट धुळीनं पांढरं पडलं होतं. सकाळी मी माझ्या डोळ्यांनी पाहिलं होतं. आता ते उन्हात काळंभोर चमकत होतं. मी बाहीवर बोट फिरवलं. बोट काळं झालं.

"कुणी चोळलं हे?"

"काय चोळलं?"

"पॉलिश."

"आई, मी झोपलो होतो." त्याचा चेहरा उतरलेला. "दादाचं स्वप्न पडलं. तो म्हणत होता, जरा सरक."

"मग?"

"मग काय. सरकलो."

"काढ ते जाकीट."

"आता काय आई, इतक्या लांब आल्यावर! जरा दम धर."

तेव्हाच ओढून काढायला हवं होतं. पण पोर मोठं झालं की चारचौघांत ओढाओढ बरी दिसत नाही.

मग कुकेचं फाटक आलं.

गुरांचा रोग पलीकडे जाऊ नये म्हणून तिथं सगळ्यांना उतरवतात. औषधात भिजवलेल्या चटईवर बूट टेकवायचे, पलीकडे चालत जायचं. गाडीत कच्चं मांस आहे का ते बघतात. त्या दिवशी एक पोरगी होती, खाकी कपड्यात, हातात काठी.

"मावशी, डब्यात काय?"

"मांस."

"कच्चं?"

"कच्चं खायला दात कुठायत मला? वास घे. उकडलेलं आहे. भूक असेल तर बस."

ती हसली. आम्ही चौघं चटईवरून गेलो. पलीकडे सिमेंटवर आमच्या बुटांचे ओले ठसे उमटले. ऊन असं की बघता बघता सुकायला लागले.

पोरगीनं गाडीकडे काठी दाखवली. "त्यालाही उतरवा."

"कुणाला?"

"मागं बसलाय तो. टोपीवाला."

हेंगारी हसायला गेला. हसू अर्ध्यातच राहिलं.

मागं कुणी नव्हतं. गादी होती.

"आत्ता होता," पोरगी म्हणाली. तिनं गाडीभोवती फेरी मारली, खाली वाकून पाहिलं. "मोठी टोपी. माझ्याकडे बघून मान पण हलवली त्यानं. मावशी, माझी थट्टा करताय काय?"

"पोरी, थट्टा करायला मी इतकं ऊन खात नाही."

तिचं लक्ष खाली गेलं. तिची काठी थांबली.

सिमेंटवर आणखी एक जोडी ठसे होते...

टोकदार बूट. अरुंद टाच. प्रत्येक टाचेमागं एक बारीक ओरखडा. चकती घासली की उठतो तसा.

चटईपासून गाडीपर्यंत.

गाडीपासून पुढं काहीच नाही.

आम्ही सगळे बघत उभे राहिलो. आमचे ठसे उडून गेले. ते ओलेच होते.

पोरगीनं डबा तपासला नाही, गाडी तपासली नाही. फाटक उघडलं. "जा," हळूच म्हणाली. "लवकर जा तुम्ही."

मी वळले तर ओलेबिले गाडी चालवायच्या जागेवर बसलेला.

"हेंगारी, तू मागं जा. मी चालवतो."

आता ऐका. ओलेबिलेला गाडी येत नाही. कधी शिकला नाही. त्याच्याकडे गाढवाची गाडी आहे.

"तू?" हेंगारी म्हणाला. "तुझी गाढवंसुद्धा तुझं ऐकत नाहीत."

ओलेबिलेनं किल्ली फिरवली. खुर्ची मागं ढकलली. एक कोपर खिडकीबाहेर काढलं. "येतोस की राहतोस इथं, लांबटांग्या?"

हेंगारीचा चेहरा पडला. लांबटांग्या त्याला एकच माणूस म्हणायचा.

तो मागं चढला. आम्हीही बसलो. न बसून करणार काय? मधल्या माळावर उतरायचं?

गाडी अशी निघाली की जणू तोच रोज चालवतो. गुरं आडवी आली की आधी शीळ, मग भोंगा. वळणावर एक हात. मी हे सगळं ओळखत होते. मोआगी असाच चालवायचा, त्याच्या गाडीत मी कितीदा दवाखान्यात गेले आहे.

फक्त हात ओलेबिलेचे होते. माशांच्या खवल्यांनी कापलेले.

केसेगोच्या पिशवीत मादिला होतं, आंबवलेलं दूध. त्यानं न विचारता पुडा काढला, दातानं फाडला आणि सगळा घशात ओतला. डाव्या मनगटानं तोंड पुसलं.

ओलेबिलेला लहानपणापासून दूध सोसत नाही. चमचाभर गेलं तरी ओकतो.

"काय मुंगी," तो केसेगोला म्हणाला. "गप्प का?"

केसेगोनं श्वास घेतला, तो सोडलाच नाही. मुंगी हे नाव मला माहीत नव्हतं. त्या दोघांतलं असावं.

मी हाक मारली. "ओलेबिले."

तो रस्त्याकडे बघत होता.

"ओलेबिले!"

काही नाही. ऐकू न आल्यासारखं नाही. दुसऱ्या कुणाला तरी हाक मारतेय, असं.

मी पुढं वाकले. "तुझ्या लेकीचं नाव सांग."

तो नाकातून हसला. मोआगी हसायचा तसा.

"कुठली लेक, आई? आधी लग्न तर होऊ दे माझं."

मी शाल आवळून घेतली. त्या उन्हात.

केसेगो रडत होती, पण दुःखानं नाही. "मा," ती माझ्या कानाशी म्हणाली, "तोच आहे. तोच आहे हो. आजचा दिवस राहू द्या. एकच दिवस. मग काढू."

मी त्याच्याकडे पाहिलं. खोटं कशाला सांगू? बघतच राहिले. पावसाळ्यापासून ते हसणं ऐकलं नव्हतं मी. म्हटलं गाडी अशीच चालू दे, हा रस्ता संपू नये.

पण घरी ती तान्ही होती. संध्याकाळ झाली की दाराकडे बघत बसते. तिच्या बापाला मी कुठं शोधायचं? एका लेकराला उठवून दुसऱ्याला त्याच्या जागी बसवणारी आई मी नाही.

"नाही," मी केसेगोला म्हटलं.

"मा, तुमचाच मुलगा आहे ना तो?"

"दोघंही माझेच आहेत, पोरी. म्हणूनच नाही."

मी फोन काढला.

"टाऊ, मैदानावर ये. येताना घमेलं आण, पाण्यासाठी."

"ताई? अगं आज सुटी आहे, मी जरा पडलो होतो..."

"उठ. नाहीतर मी येऊन उठवीन, आणि माझ्याबरोबर कोण आहे ते बघून परत कधी पडणार नाहीस."

गान्झीला पोचलो तेव्हा ऊन कललं होतं. मैदानाच्या वाटेवर रॉकवाल्यांची रांग. शेकडो. चामडं, शिंगं, साखळ्या. पावलं एकदम टाकत, एकमेकांचे हात धरून हिसडे देत चालले होते. धूळ गुडघ्यापर्यंत. ओलेबिले गाडीतून उतरला आणि रांगेत शिरला. साधे कापडी बूट पायात.

तरी वाजत होतं. छन्न... छन्न...

पाठीवरची कवटी बघून लोक बाजूला होत होते. एका धिप्पाड माणसानं त्याचा हात हातात घेतला, त्यांच्या रीतीप्रमाणं जोरात ओढला... आणि सोडून दिला. माझ्याकडे आला.

"मा, हा कोण आहे?"

"का रे?"

"हात बर्फासारखा आहे." तो आपला पंजा विजारीला पुसत होता. "एवढ्या उन्हात."

मी आणि हेंगारीनं ओलेबिलेला दंडाला धरून मैदानाच्या कडेला नेलं. तिथं गुरं कोंडायची कुंपणं आहेत, नळ आहे. टाऊ उभा होता, डोक्यावर घमेलं, तोंडावर झोप.

"ताई, चामड्याला पाणी म्हणजे..."

"भर ते घमेलं."

ओलेबिलेनं मामाकडे पाहिलं. आवाज मऊ झाला. "मामा, एक गाणं. एकच. मग काढतो मी. तुझी शपथ."

टाऊचं तोंड उघडंच राहिलं. हा आवाज त्याच्याही ओळखीचा. खांद्यावर बसवून फिरवलेला भाचा. तो माझ्याकडे वळला, डोळ्यांत पाणी. "ताई... एका गाण्यानं काय होतंय?"

"टाऊ, आज अर्धं काम केलंस तर तुला ह्या कुंपणात बांधून गुरांबरोबर विकीन."

मी जाकिटाला हात घातला.

ते जड होतं. चामड्याइतकं नाही. माणसाइतकं. एक बाही काढायला हेंगारी आणि मी, दोघं लागलो. ओलेबिले ओरडला नाही, झटापट केली नाही. नुसतं म्हणत राहिला, "आई, वर्षभर चोळलं गं मी ते. आई, एकदा तरी..."

मी कान बंद केले. हात चालू ठेवले.

दुसरी बाही निघाली आणि तो मटकन खाली बसला. मान छातीवर.

टाऊनं जाकीट कुंपणाच्या आडव्या लाकडावर टाकलं. म्हणायचं ते म्हणाला, अडखळत. मी तुझ्या आईचा भाऊ. तुझं होतं ते तुझं झालं. आता सोड. आणि घमेलं उपडं केलं.

मी डोळ्यांत तेल घालून बघत होते.

पाणी पडलं... आणि तापल्या तव्यावरच्या थेंबांसारखं घरंगळून गेलं. सगळं. कडीत नाही, शिवणीत नाही. वाळू भिजली. जाकीट कोरडं.

"झालं की, ताई."

"थेंब लागला नाही त्याला."

"ओतलं ना मी? माझं काम ओतायचं."

तेवढ्यात मागून आवाज आला. बारीक, घाबरलेला. "आई? फाटक गेलं का?"

ओलेबिले इकडंतिकडं बघत होता. झाडाखालून निघाल्यानंतरचं त्याला काहीही आठवत नव्हतं. पोट धरलं आणि दूध ओकला. मग तोंड पुसून पहिला प्रश्न. "आई, मी निघालो तेव्हा पोनात्शो रडली का गं?"

मी वाळूत बसले. मी रडले नाही. गान्झीची धूळ वाईट असते.

सूर्य टेकत आला आणि मैदानावर पहिली गिटार वाजली. छातीत धक्का बसावा असा आवाज. सगळी माणसं तिकडं धावली. आम्हीही क्षणभर तिकडं वळून पाहिलं.

परत वळलो तर कुंपणावर जाकीट नव्हतं.

"कुणीतरी पळवलं," टाऊ म्हणाला.

मी मैदानाकडे बघत होते. मला दिसलं होतं.

अगदी पुढं, धूळ लाल झाली होती तिथं. गर्दीत सगळे एकमेकांवर आदळत होते. एकाच्या भोवती मात्र मोकळी जागा होती. काळी टोपी. पाठीवर पांढरी कवटी. पाय आपटत होता, मान हलवत होता, हात वर.

केसेगोनंही पाहिलं. ती धावणार तोच मी तिचं मनगट धरलं. तिनं चावा घेतला मला. अजून खूण आहे. सोडलं नाही मी.

मला हाक मारायची होती. हाक जिभेवर आली होती. पण आईनं हाक मारली की लेकरू वळून बघतं.

वळलं असतं... तर काय दिसलं असतं?

मी तोंडावर शाल दाबून धरली. गाणं संपलं. लोक ओरडले. धूळ खाली बसली.

तिथं कुणी नव्हतं.

हेंगारीनं माझ्या खांद्याला हात लावला. कुंपणाकडे बोट केलं. जाकीट लाकडावर होतं. टाऊनं टाकलं होतं तसंच.

मी हात लावून पाहिला. बाहेरून कोरडं ठणठणीत.

आतून ओलंचिंब होतं.

पाणी नव्हतं ते. घाम होता. गरम.

जाकीट टाऊकडेच ठेवून आम्ही सकाळी परत आलो. मामाचं काम मामाकडे. घरी आल्यावर मोआगीची खोली उघडली. गाठोडं जागेवर होतं, टाऊची वाकडी गाठ तशीच. पण खोलीत कुकेच्या चटईवरच्या औषधाचा वास भरला होता. मी गाठोड्याला नाक लावलं. बूट ज्या बाजूला होते तिथलं कापड दमट होतं.

मी दार लावून घेतलं.

ओलेबिले आता बरा आहे. मासे विकतो, लेकीला खांद्यावर घेऊन हिंडतो. फक्त परवा हेंगारीची गाडी आमच्या दारात आडवी लागली होती. ओलेबिले उठला, बसला, एका झटक्यात मागं घेऊन सरळ लावली. आणि मग उतरलाच नाही. आपल्या हातांकडे बघत बसला. मी बाहेर आले तसे त्यानं हात मांडीखाली लपवले.

मला झोप लागत नाही तेव्हापासून.

काल टाऊ आला. न सांगता, मालाच्या ट्रकमधून. काखेत पेंडीचं पोतं. दिवस मावळायचा होता, अंगणात सगळे होतो. ओलेबिले, लेक खांद्यावर. केसेगो आलेली. हेंगारी.

टाऊ वाळला आहे. बसलासुद्धा नाही.

"ताई, हे माझ्याच्यानं होत नाही. पेंडीच्या खोलीत ठेवलं होतं. भर दुपारी खोलीभोवती कुणीतरी चालतं. कुत्री फार्म सोडून गेली. आणि रोज सकाळी... रोज सकाळी ते चोळलेलं असतं गं. चमकत असतं."

"मग?"

"मग काय! मी धुतलं, माझं काम झालं. आता मामा म्हणून वाटतो." त्यानं पोत्यात हात घातला, जाकीट बाहेर ओढलं आणि ओलेबिलेसमोर धरलं. "घे रे. सगळ्यांच्या साक्षीनं देतो."

केसेगो एक पाऊल पुढं आली. ओलेबिलेनं लेकीला घट्ट धरलं. पण त्याचे डोळे जाकिटावरून हलत नव्हते.

मी उठले. दोघांच्या मध्ये उभी राहिले.

"टाऊ, धुतलंस ना तू हे?"

"धुतलं."

"नीट?"

"नीट. तुझ्यासमोर."

"मग घाल. इथं, आत्ता, माझ्यासमोर तू घाल. दोन्ही बाह्या चढव, कड्या लाव. आणि लावून झाल्या की मोठ्यानं सांग मला... तुझं नाव काय."